पवनचक्कीचे पाते : घडण, भार आणि आयुष्य

(खानदेशातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी अतिलांब मालगाडी वळणावर अडकून पडलेली असते. पुढे-मागे माणसे हात करीत असतात, आणि गाडीवर पांढरे शुभ्र, एका टोकाला वाटोळे व दुसऱ्या टोकाला निमुळते होत गेलेले चाळीस-बेचाळीस मीटरचे पाते आडवे निजलेले असते. वाहतूक खोळंबलेली असल्याने बघ्यांना वेळ भरपूर असतो. हे पत्र्याचे की ॲल्युमिनियमचे, यावर पैजा लागतात. दोन्ही पक्ष हरतात. त्या पात्यात धातू फारच थोडा असतो. त्याचे शरीर काचेच्या धाग्यांचे व राळेचे, मधल्या भरणाचे काही भाग हलक्या लाकडाचे किंवा फेसाळ प्लॅस्टिकचे, आणि आतला बराचसा भाग चक्क पोकळ असतो.

काच म्हटली की ती फुटणारी, आणि राळ म्हटली की ती ठिसूळ, ही सर्वसाधारण समजूत आहे व ती चुकीची नाही. परंतु दोन दुबळ्या वस्तू एकत्र आल्या म्हणजे दुबळेपणाचीच बेरीज होते असे नाही. खानदेशातील जुन्या घरांची भिंत पाहावी. नुसती माती वाळली की तडकते. नुसत्या पऱ्हाटीच्या कुडातून वारा शिरतो. कुडावर भुसा कालवलेली माती लिंपली की तीच भिंत पावसाळ्यामागून पावसाळे काढते. ताण धाग्याने घ्यायचा आणि धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम मातीने करायचे, ही ती विभागणी होय. पवनचक्कीच्या पात्यात भुशाच्या जागी काचतंतू व मातीच्या जागी इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर राळ असते. केसाहूनही बारीक ओढलेला काचेचा धागा ताणाला विलक्षण चिवट ठरतो. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट आणि काचेची सुमारे २.५ पट. राळेसह तयार झालेले संमिश्र द्रव्य तर याहूनही हलके भरते. पात्याच्या बाबतीत हा हलकेपणा म्हणजे केवळ सोय नव्हे. त्याच्यावाचून पाते मोठे होऊच शकत नाही.

याचे कारण साधे गणित आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती पात्याने व्यापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे पात्याच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. पात्याचे वजन मात्र आकार त्याच प्रमाणात वाढवीत नेल्यास लांबीच्या घनाने वाढते. लांबी दुप्पट केली तर मिळकत चौपट आणि बोजा आठपट! आजवर या शास्त्रात झालेली प्रगती म्हणजे बहुतांशी या आठपटीला खाली ओढण्याचा प्रयत्न होय.

वाऱ्याच्या वेगाचा हिशेब त्याहून कडक आहे. शक्ती वेगाच्या घनाने बदलते. ४४ मीटर त्रिज्येच्या चक्रातून सेकंदाला ८ मीटर वेगाने वारा वाहत असेल, तर त्या वर्तुळातून सुमारे १,७०० किलोवॅट शक्ती जात असते. ती सगळी हाती येत नाही. सगळी काढून घेतली तर वारा चक्रामागे थांबूनच जाईल, आणि थांबलेल्या वाऱ्यामागून नवा वारा येणार कोठून? जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले की, कितीही उत्तम यंत्र केले तरी ५९.३ टक्क्यांपलीकडे वाट्याला येणार नाही. प्रत्यक्षात चाळीस टक्क्यांच्या आसपास पदरात पडले तरी ते पाते चांगले म्हणावे. तोच वारा ४ मीटरवर उतरला की उत्पन्न निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते.

म्हणूनच साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल-छडवेलची पठारे महत्त्वाची ठरली. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या अडथळ्यातून वाट काढीत या उघड्या पठारांवर जोराने येतो. पिकाच्या दृष्टीने ज्या माळाला कोणी विचारीत नव्हते, तोच माळ वाऱ्याच्या दृष्टीने बागायती निघाला. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत पाण्याची वाटणी गावाने ठरविलेली असे. वाऱ्याला मात्र पाटकरी नाही. त्याचा वाटा मागण्याची रीत अद्याप बसावयाची आहे.

पात्याचा आकार नीट पाहिला तर तो सपाट फळीसारखा नसून पिळलेला दिसतो. त्याचा छेद पक्ष्याच्या पंखासारखा, एका बाजूला अधिक फुगीर असतो. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी निरनिराळ्या वेगाने वाहतो, दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, आणि पाते ढकलले जाण्याऐवजी उचलले जाते. हीच ती उद्धरण-प्रेरणा. पिळाचे कारण असे की मुळाजवळचा भाग सावकाश फिरतो व टोक अतिशय वेगाने. ४४ मीटरचे पाते मिनिटाला १७ फेरे घेत असेल तर टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो. लांबून संथ, जवळजवळ आळशी वाटणारे ते फिरणे प्रत्यक्षात आगगाडीलाही मागे टाकणारे असते. टोकाला वारा जणू समोरून येतो, मुळाशी बाजूने. म्हणून प्रत्येक भागाचा वाऱ्याशी कोन योग्य राहावा यासाठी पाते मुळापासून टोकापर्यंत क्रमाने पिळावे लागते.

हे सारे लाकडात वा पोलादात करून पाहिले गेले आहे. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातील एका डोंगरावर १९४१ मध्ये १,२५० किलोवॅटची प्रचंड पवनचक्की उभी राहिली. तिची दोन पाती पोलादाची, प्रत्येकी सुमारे आठ टनांची होती. मुळाजवळचा सांधा कमकुवत असल्याचे तंत्रज्ञांना कळले होते. परंतु युद्धकाळात दुरुस्तीचे साहित्य मिळेना. २६ मार्च १९४५ रोजी एक पाते तुटून दूर जाऊन पडले आणि तो प्रयोग संपला. पोलाद वारंवार वाकविले की थकते. पवनचक्कीचे पाते तर प्रत्येक फेऱ्यात वर असताना एका प्रकारे व खाली येताना दुसऱ्या प्रकारे भार सोसते. मिनिटाला १५ फेरे धरले तरी वर्षाला ७८ लाखांवर फेरे होतात. वारा नसलेला काळ वजा केला तरी वीस वर्षांच्या आयुष्यात दहा कोटींच्या घरात हेलकावे बसतात. पूल, इमारत, मोटार यांपैकी कशालाही इतक्या वेळा वाकावे लागत नाही.

काचतंतूंचे पाते वापरात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन अभियंते उलरिख ह्युटर यांच्याकडे जाते. १९५७ मध्ये त्यांनी ३४ मीटर व्यासाच्या, १०० किलोवॅटच्या यंत्राला अशी पाती बसविली. काचेचे पाते पोलादी आसाला जोडावयाचे कसे, हा खरा पेच होता. कारण काचेला भोक पाडले की धागे तुटतात. ह्युटर यांनी धागे न तोडता खिळ्यांभोवती वळवून परत पात्यात नेले. गाठोड्याची दोरी खुंटीला वळसा घालून परत आणावी, तशी ही युक्ती होती.

पुढची गोष्ट उपस्थित शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. डेन्मार्कमधील ट्विंड येथील शाळेच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये, तेलटंचाईच्या दिवसांत, स्वतःची पवनचक्की बांधावयास घेतली. अभियंत्यांचा सल्ला होता. हात मात्र त्यांचेच होते. ५४ मीटर व्यासाच्या त्या चक्राची काचतंतूंची पाती त्यांनीच घडविली, मुळाचा सांधा ह्युटर यांच्या पद्धतीने केला आणि १९७८ मध्ये चक्र फिरू लागले. त्या काळी एवढी मोठी पवनचक्की जगात अन्यत्र चालू नव्हती. त्याच शाळेत एका लहान पात्यासाठी तयार झालेल्या साच्याच्या आधारे डेन्मार्कच्या खेड्यांतील छोट्या कारागिरांना साडेचार मीटरची पाती मिळू लागली, आणि तेथील पवनचक्की उद्योगाचा पाया घालण्यात या पात्यांचा मोठा वाटा होता.

भारतात विद्युत-जालाला जोडलेल्या पवनचक्क्यांचे प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ च्या सुमारास गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्या राज्यात देवगड येथे उभे राहिले. त्या पिढीच्या ५५ किलोवॅटच्या यंत्राचे पाते अवघे सात-आठ मीटरचे असे. त्याआधी श्रीमती ॲना मणी यांनी देशातील वाऱ्याच्या मोजमापांचे चिकाटीने केलेले संकलन पायाभूत ठरले. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारानंतर या शतकाच्या पहिल्या दशकात साक्रीचा क्रम लागला. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या सुझलॉन कंपनीने येथे मोठ्या प्रमाणावर यंत्रे उभारली आणि धुळे जिल्ह्यात पाती घडविण्याचे कामही सुरू केले. सुरतेतील आपल्या कापड व्यवसायाचे वीजबिल परवडेना, म्हणून पवनचक्की घेणारा हा उद्योजक पुढे पवनचक्क्याच विकू लागला.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळावे. पात्याचे दोन साचे असतात, शेंगेच्या दोन फोलपटांसारखे. साचा स्वच्छ करून त्यावर पाते सुटून यावे म्हणून मेणासारखा लेप देतात. मग काचतंतूंचे कापड अंथरण्यास प्रारंभ होतो. हे अंथरणे म्हणजे गोधडी घालण्यासारखेच काम आहे. थरावर थर, प्रत्येक थराची जागा व दिशा नकाशात ठरलेली. पात्याच्या लांबीच्या दिशेने धावणारे धागे वाकण्याचा भार घेतात, म्हणून छेदाच्या सर्वांत जाड भागी अशा धाग्यांचा जाड पट्टा मुळापासून टोकाकडे नेतात. पिळवटण्याचा भार घेण्यासाठी तिरपे, ४५ अंशांत विणलेले कापड लागते. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, जेथे भार कमी परंतु पृष्ठभाग रुंद, तेथे दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचे अत्यंत हलके लाकूड किंवा फेसाळ प्लॅस्टिक भरतात.

सर्व थर कोरडेच मांडल्यावर त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण घालून कडा हवाबंद करतात आणि पंपाने आतील हवा काढून घेतात. हवेच्याच दाबाने थर एकमेकांवर घट्ट बसतात. मग नळ्यांवाटे कठिणकारक मिसळलेली राळ आत सोडतात. निर्वात जागा भरण्यासाठी ती कापडातून झिरपत जाते. कोरड्या मातीत पाटाचे पाणी पुढे सरकावे तसा तिचा ओला काठ पुढे सरकताना दिसतो. या वेळी कामगारांचे सारे लक्ष त्या काठाकडे असते. आवरणाला सुईएवढे छिद्र राहिले तरी हवा शिरते व तेथे कोरडा डाग पडतो. राळ भिनल्यावर साचा तापवून ती कठीण करतात. त्यानंतर एका फोलपटात उभे पडदे चिकटवून दुसरे फोलपट त्यावर मिटतात. घासणे, रंग देणे, वीज पडल्यास ती जमिनीत नेणारी तार बसविणे आणि तिन्ही पात्यांची वजने जुळविणे ही कामे मग होतात.

खानदेशच्या हवेत या कामाला एक जास्तीची अडचण आहे. राळ व कठिणकारक एकत्र आले की रासायनिक क्रियेने उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४३-४४ अंशांवर असताना उघड्या छपराखाली ही राळ कालवली, तर ती साच्याच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच घट्ट होऊ लागेल. उलट श्रावणातील दमट हवेत काचेचे कापड व बाल्सा लाकूड ओलावा धरते, मग राळ नीट चिकटत नाही. म्हणून साहित्याची कोठारे व साच्याचे दालन यांचे तापमान आणि आर्द्रता बाराही महिने बांधून ठेवावी लागते.

कामाची प्रत माणसाच्या हातावर किती अवलंबून असते, याचे गमक म्हणजे चुणी. गोधडीत चुणी राहिली तर पाठीला टोचते, एवढेच. पात्याच्या मुख्य पट्ट्यात चुणी राहिली तर धागा सरळ राहत नाही, ताण आला की तो आधी सरळ होऊ पाहतो, आणि थर सुटण्यास तेथून सुरुवात होते. तपासणीसाठी ध्वनिलहरींची यंत्रे आहेत. तथापि नाण्याने ठोकून आवाज ऐकण्याची साधी पद्धतही प्रचलित आहे. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीला ती समजावून सांगावी लागणार नाही. भरीव ठिकाणी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या ठिकाणी बद्द.

येथे चुकीची किंमत मोठी असते. २००८ मध्ये अमेरिकेत गेलेल्या सुझलॉनच्या एस-८८ यंत्रांच्या काही पात्यांना तडे आढळले, तेव्हा कंपनीने १,२५१ पाती मजबूत करून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. रेखाटन, घडण आणि त्या त्या जागचा वारा या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. एका देशातील पठारावर टिकणारी वस्तू दुसऱ्या देशातील पठारावर टिकेलच असे नाही, ही गोष्ट या उद्योगाने खर्चिक मार्गाने शिकली. हीच बाब साक्रीलाही लागू पडते. येथे जोराचा वारा आणि पाऊस एकाच ऋतूत येतात. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या कडेवर पावसाचा थेंब खड्यासारखा आदळतो. कडा खरवडली जाते, आकार बिघडतो, उत्पन्न घटते. म्हणून पात्यांच्या कडा दोऱ्यांना लटकून तपासणाऱ्या व लेपणाऱ्या कुशल कामगारांची गरज वीज निर्माण होत आहे तोवर संपणारी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या येथील तरुणांनी या कामाचा विचार करावयास हरकत नाही. मात्र राळेने त्वचेला कायमची पुरळ येऊ शकते, पॉलिएस्टर राळेची वाफ डोक्यात जाते, काचेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. हातमोजे, मुखपट्टी व धूळ ओढून घेणारी यंत्रे यांत काटकसर करणाऱ्या ठेकेदाराकडे हे काम शिकू नये, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

शाळेत हा विषय शिकविण्यासाठी काचतंतूंची आवश्यकता नाही. जळगावात पीव्हीसी नळांना तोटा नाही. सहा इंची नळाचा दोन फुटी तुकडा उभा चिरून त्याचे चार भाग करावेत, त्यांतील तीन भाग मुळाशी रुंद व टोकाशी निमुळते कापावेत, आणि खेळण्यातील मोटारीच्या दांड्यावर लाकडी चकतीने बसवावेत. नळाची गोलाई व तिरपा काप यांमुळे पात्याला आपोआप थोडा पिळ व बाक येतो. मोटारीच्या तारांना छोटा दिवा जोडून कोन बदलत गेल्यास तो केव्हा उजळतो हे मुले स्वतःच शोधून काढतात. धारदार कड मात्र घासून घ्यावी आणि फिरत्या चक्राच्या रेषेत कोणाला उभे राहू देऊ नये.

पवनचक्क्या ढगांना पळवून लावतात, ही समजूतही शिक्षकांनीच दूर करावयाची आहे. अवर्षणाच्या वर्षी ती राज्याच्या अनेक भागांत पसरली होती. ८० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर ४४ मीटरचे पाते सरळ उभे राहिले तरी टोक १२४ मीटरवर जाते. पाऊस देणारे ढग शेकडो मीटर उंचीवर सुरू होऊन कित्येक किलोमीटर वर चढतात. तथापि ही समजूत केवळ अज्ञानातून आली असे म्हणून तिची चेष्टा करणे योग्य होणार नाही. ज्यांच्या डोंगरावर एवढी यंत्रे आली त्यांना कोणी काही समजावून सांगितले नव्हते, हाही त्या समजुतीचा एक अर्थ होतो. पठारावरील वनजमिनी पवनचक्क्यांसाठी वळत्या करण्यास आदिवासी शेतकऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांचा आक्षेप विजेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्यांवरील हक्काची नोंद आधी व्हावी असे त्यांचे म्हणणे होते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या म्हणण्याला आधार दिला.

ग्रामपंचायतींपुढे यापुढे येणारा प्रश्न उतरविलेल्या पात्यांचा आहे. साक्रीतील आरंभीची यंत्रे वीस वर्षांच्या उंबरठ्यावर आली आहेत. केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलून मोठ्या बसविण्याविषयी किंवा त्यांचे आयुष्य वाढविण्याविषयी धोरण जाहीर केले आहे. मनोऱ्याचे पोलाद व जनित्राचे तांबे भंगारवाला उचलून नेईल. पात्याला गिऱ्हाईक नाही. जळगावातील प्लॅस्टिकचे कारखानदार जुना पीव्हीसी वितळवून पुन्हा वापरतात. पात्यातील राळ एकदा कठीण झाली की उष्णतेने वितळत नाही, करपते. भाजलेल्या विटेची पुन्हा माती होत नाही, तसेच हे आहे. अमेरिकेत अशी पाती तुकडे करून खड्ड्यांत पुरण्यात आली. पुन्हा विरघळविता येईल अशा राळेची पाती २०२१ पासून बाजारात येऊ लागली असली, तरी साक्रीच्या पठारावर फिरत असलेल्या जुन्या पात्यांना तिचा उपयोग नाही.

जर्मनीत रूढ झालेला एक मार्ग म्हणजे पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत घालणे. राळ इंधन म्हणून जळते व काच कच्च्या मालात मिसळून जाते. परंतु राज्यातील सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे, म्हणजे साक्रीपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. पाते पठारावरच कापावे लागेल, कापताना धूळ बसविण्यासाठी पाणी मारावे लागेल, आणि तुकडे नेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा हे यंत्र उतरविण्यापूर्वी लेखी ठरवावे लागेल. नवी यंत्रे बसविण्यासाठी ना-हरकत दाखल्याचे अर्ज ग्रामसभेपुढे येतील, तेव्हा जुनी पाती किती, ती कोठे ठेवणार आणि किती दिवसांत हलविणार, या तीन रकाने भरलेल्या तक्त्याची मागणी सदस्यांनी त्याच बैठकीत करावी.